डाव्या खांद्याची रायफल

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही, ते साचतात. घरात जुन्या चार्जरच्या वायरी साचतात ना, तसे. कामाचे आहेत की नाहीत कळत नाही, पण टाकवत नाहीत!

आमचे साचतात बुकित बातोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत. दर शनिवारी सकाळी टिश्यूचं पाकीट ठेवून टेबल अडवायचं. इथे तोच कायदा, पाकीट ठेवलं की टेबल तुमचं. मंडळी चारच. तीस वर्षं बोटीवर काढून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, म्हणून सगळ्यांचे चीफ. त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी. जवळच्याच वर्कशॉपमधले चिनी सुतार, अंकल टिओ. आणि मी. पुण्याचा, बुओना व्हिस्टाला आयटीत, पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा, अर्ज टाकून बसलेला आणि जन्मजात घाबरट.

त्यात चीफनी एका शनिवारी कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, घोट घेत जाहीर केलं, "मी रायफल बनवतोय."

सिंगापुरात! इथे विनापरवाना बंदूक म्हणजे तुरुंग आणि वर फटके. माझ्या हातातला टोस्ट खाली पडला.

*

प्रकरण असं होतं. चीफची एकुलती एक मुलगी ऋजुता न्यूझीलंडला असते. नवऱ्याबरोबर डोंगरात हरणांच्या शिकारीला जाते, रीतसर लायसन्स काढून. जावई डॅनियल तिच्या वाढदिवसासाठी तिच्या मापाची रायफल करवून घेत होता. लोखंडाचं सगळं काम तिकडचा बंदूकवाला करणार होता. लाकडी दस्ता मात्र सासऱ्यांनी घडवावा, असं डॅनियलच्या मनात आलं.

हे ऋजुताला माहीत नव्हतं. कळलं असतं तर तिने नको म्हटलं असतं. तिच्या लग्नात चीफ काहीतरी लागट बोलले होते, आणि तेव्हापासून चार वर्षं बापलेकीचं बोलणं बंद होतं. तिचा वहिनींना फोन आला की चीफ गॅलरीत जायचे. कुंड्यांना एवढं पाणी कुणी घालत नाही!

*

माझं म्हणणं एकच. लाकूड असलं म्हणून काय झालं, बंदुकीचंच ना? चीफ म्हणाले, "मग विचारू की!" बोटीवरचा माणूस, कागदाशिवाय नटसुद्धा फिरवणार नाही. त्यांनी सरळ पोलिसांना पत्र लिहिलं. उत्तर येईपर्यंत तीन आठवडे मी लिफ्टमध्ये कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

बोलावणं आलं. चीफ मला सोबत घेऊन गेले. अधिकारी तरुण होता, अगदी नम्र. दस्त्याचं रेखाचित्र उलटसुलट करून पाहिलं. "बाकीची रायफल कुठे आहे?"

"न्यूझीलंडला."

"हरणं तुम्ही मारणार?"

"मुलगी."

"आणि खाणार तुम्ही?"

चीफ ताठ बसले. "मी अंडंसुद्धा खात नाही!"

अधिकारी हसला, कागदावर शिक्का मारला. माझी मात्र बाहेर येऊन बाकावर बसायची वेळ आली.

*

आता माप हवं. दस्ता ब्लाउजसारखा अंगाबरोबर बसावा लागतो. कोपरापासून बोटापर्यंतचं अंतर त्यात महत्त्वाचं. वहिनींनी व्हिडिओ कॉल लावला. "ऋजू, तुझ्यासाठी स्वेटर विणतेय. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माप सांग बघू."

"आई, स्वेटरला बोटं कशाला लागतात?"

वहिनी म्हणाल्या, "हातमोज्यासकट आहे!"

आयुष्यात सुई हातात न धरलेल्या बाईला मग खरंच स्वेटर विणायला बसावं लागलं. तेही या उकाड्यात.

*

एकदा तो अर्धवट दस्ता माझ्याकडे आला. चीफना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं, लांब पाया लेबार भागात. "घरी नेऊन ठेव," म्हणाले. मी तो योगा मॅटच्या पिशवीत घालून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलो. समोरच बोर्ड, संशयास्पद वस्तू दिसल्यास कळवा. चोराच्या मनात चांदणं! शेजारच्या आंटीने पिशवीकडे बघून विचारलं, "पिकलबॉल आ?"

"येस."

"व्हेअर यू प्ले?"

घाईघाईत मी तिच्याच घराजवळचं कोर्ट सांगितलं असणार. "सेम लाह! संडे, सेव्हन ओ'क्लॉक!" आंटी खूश. माझी बायको आता दर रविवारी विचारते, तुम्ही नक्की कुणाबरोबर खेळता?

*

पण खरी धडकी भरली ती पुढे. दस्ता अंकल टिओंच्याच वर्कशॉपमध्ये घडत होता. त्यांनी एके दिवशी तो उजेडात धरला. "चीफ, गाल टेकवायची बाजू राँग. युअर डॉटर लेफ्ट हँड मेह?"

"राइट हँड," चीफ म्हणाले.

"देन राँग, व्हॉट!"

"यू जस्ट सँड," म्हणत चीफनी पॉलिशपेपर त्यांच्या हातात दिला.

संध्याकाळी डॅनियलचा मला फोन, नंबर वहिनींनी दिलेला. सासरेबुवा ठीक आहेत ना? ऋजुता सगळं उजव्या हाताने करते, नेमही उजव्या खांद्यावरूनच धरते, आणि चीफनी तर बोल्ट, म्हणजे गोळी भरायचा दांडासुद्धा डाव्या हाताचा मागवायला सांगितलाय. मी चीफना विचारलं. ते म्हणाले, "बोल्ट बदल म्हणावं त्याला." आणि लगेच दस्ता घासायला घेतला.

शेवटी वहिनींना गाठलं. त्या टाके मोजत होत्या. "लहानपणी डावखुरी होती," त्या म्हणाल्या. "हे घरी असले की जेवताना रुमालाने तिचा डावा हात खुर्चीला बांधायचे. बोटीवर गेले की मी सोडायचे. सहा महिने डावी, चार महिने उजवी. शेवटी उजवीच झाली पोर."

मला रडावं की काय करावं कळेना. चार वर्षं गप्प असलेल्या मुलीला याची आठवण करून द्यायची? ती रायफल तोंडावर फेकल्यासारखी परत पाठवेल, आणि मग बोलणं कायमचं संपेल!

पॅकिंगच्या दिवशी मी तसं म्हणालोही. चीफनी खिशातला पांढरा, घडीचा रुमाल काढला. टिश्यूच्या या देशात रुमाल बाळगणारा हा एकच माणूस. दस्त्याला मुठीच्या जागी दोन वेढे देऊन गाठ मारली. "ओरखडा नको," एवढंच म्हणाले.

*

मग वाढदिवसाचा शनिवार. तिकडे दुपार झालेली. टेबलावर टिश्यूचं पाकीट, चार कोपी, मधोमध चीफचा फोन. कुणी कोपीला हात लावेना.

डॅनियलचा व्हिडिओ आला. ऋजुता अंगणात उभी, अंगात वहिनींचा स्वेटर, एक बाही दुसरीपेक्षा वीतभर लांब. डॅनियलने रुमालासकट दिलेली रायफल तिने उजव्या खांद्याला लावली. गाल टेकेना. पुन्हा लावली. मग थांबली, आणि हळूच डाव्या खांद्यावर नेली. गाल असा टेकला की अंकल टिओ पुटपुटले, "वा, नाइस." ती बराच वेळ तशीच उभी राहिली. व्हिडिओ तिथेच संपला.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. वहिनींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं.

फोन वाजला. ऋजुताचा मेसेज होता, चीफना, चार वर्षांतला पहिला. चष्मा डोळ्यांवर असूनही चीफनी फोन माझ्याकडे सरकवला. "वाच."

मी वाचलं. "बाबा, रुमाल परत मिळणार नाही."

चीफनी मान हलवली. उजवा खिसा चाचपला, मग डावा. मी टिश्यूचं पाकीट उचलून त्यांच्यापुढे केलं.

"ठेव ते खाली," चीफ शर्टच्या बाहीने डोळे पुसत खेकसले. "टेबल जाईल!"