सातशे ग्रॅमचा घोळ आणि वाणगावचा पाडा

शुभदाचा फोटो आला तेव्हा मी कुकर लावत होते. आमच्या बालरोग विभागाच्या माजी विद्यार्थ्यांची एक संघटना आहे. शुभदा तिची सचिव, म्हणजे आम्हा सगळ्यांना हक्काने छळणारी. स्मरणिका काढायची होती. 'मुखपृष्ठावर हाच टाकते, तू बरी दिसतेयस', असं तिने खाली लिहिलं होतं. तिच्या तोंडून एवढं कौतुक वर्षातून एकदाच निघतं.

फोटो नोव्हेंबरच्या शिबिराचा होता, वाणगावच्या पूर्वेला एका पाड्यावरचा. पुढे आम्ही दहा-बारा डॉक्टर दात दाखवत उभे. माझ्यामागे अंगणवाडीच्या वाशाला वजनाचा गोल काटा टांगलेला, काट्याला साडीची झोळी, आणि सकाळची थंडी म्हणून झोळीत गोधडी. झोळी रिकामी होती. तरी सुई शून्यावर नव्हती. मी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. सुई सातशे ग्रॅमवर होती.

जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आधी झोळी टांगायची, मग सुई शून्यावर आणायची, मग मूल ठेवायचं. तीस वर्षं मी शिकाऊ डॉक्टरांना हे ओरडून सांगत आले आहे. त्या दिवशी मी सुई शून्यावर आणली ती नुसत्या हुकावर. झोळी नंतर अडकवली, तेवढ्यात 'फोटो, फोटो' झालं, आणि पुढे सगळी बाळं गोधडीसकट मोजली गेली. कहर म्हणजे त्याच दिवशी दुपारी अंगणवाडीसेविकांना 'वजन अचूक कसं घ्यावं' यावर भाषणही मीच ठोकलं होतं.

यादी काढून बसले. एकोणीस बाळं. बऱ्याच जणांच्या बाबतीत फरक पडला तरी फार बिघडत नव्हतं. एका नावाशी मात्र मी थांबले. पायल, वय सात महिने, वजन पाच किलो नऊशे. म्हणजे थोडी अशक्त. आईला चार सल्ले देऊन आम्ही घरी पाठवलं होतं. सातशे वजा केले की उरतात पाच किलो दोनशे, आणि सात महिन्यांच्या मुलीचं ते वजन म्हणजे त्याच दिवशी दवाखान्यात भरती. या गोष्टीला तीन महिने झाले होते. एवढ्या हडकुळ्या बाळाचं तीन महिन्यांत काय होऊ शकतं ते मला पुरतं ठाऊक आहे. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते कळलं नाही.

पाड्यावरच्या सेविका सुनंदाताईंचा फोन दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी सहाला, मी आणि शुभदा ठाण्याहून तिच्या गाडीने निघालो.

ज्यांना या बाजूला यायचं आहे त्यांच्यासाठी: घोडबंदर रस्ता सातच्या आत पार करा, नाहीतर सकाळ तिथेच जाते. खानिवड्याचा टोल ओलांडला की हवा बदलते. मनोरला मस्तान नाक्यावर मिसळ आणि चहा दोघींचा मिळून दोनशेच्या आत झाला. मिसळ झणझणीत होती म्हणतात. मी खाल्ली, पण चव काही आठवत नाही. तिथून डावीकडे पालघरचा रस्ता, सूर्या नदी ओलांडून, दोन्ही बाजूंना साग आणि पळस. पळस नुकता फुलायला लागला होता. शुभदा म्हणाली, "बघ तरी." मी बघितलं.

पालघरला तिला एक काम होतं. संघटनेने तिथल्या एका दवाखान्याला नवजात बाळांना ऊब देणारी दोन यंत्रं दिली आहेत, ती चालू आहेत का ते पाहायचं होतं. आम्ही वस्तू देतो, फोटो काढतो, आणि मग वस्तूवर चादर पडते, हा आमचा जुना रोग. या वेळी दोन्ही यंत्रांत बाळं होती. तिथल्या परिचारिकेने सांगितलं, "एक बिघडलं होतं, आमच्या वायरमनने केलं दुरुस्त." शुभदा केवढी खूश झाली. मी मात्र काचेतल्या प्रत्येक बाळाच्या तक्त्यावरचं वजन वाचत होते.

बोईसर मागे टाकून वाणगाव गाठलं. वाणगावच्या आसपास मिरचीच मिरची, तोडणी चालू होती, पोती भरून टेम्पोत चढत होती. तिथून पूर्वेला रस्ता अरुंद होतो आणि शेवटचे दोन किलोमीटर कच्चे आहेत. छोटी गाडी जपून न्यावी. पाड्यावर निम्म्या घरांना कड्या लावलेल्या दिसल्या. भात निघालं की इथली माणसं कामाला बाहेर पडतात, ती शिमग्याला परततात.

सुनंदाताई अंगणवाडीच्या ओट्यावर खिचडी वाढत होत्या. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. विचारलं, "ताई, पायल कशी आहे?"

"पायल? ती हितं नाय. आईबापासंगं बोयसरला गेली. बाप बिल्डिंगच्या कामाला हाय."

"तिचं वजन आम्ही चुकीचं लिहिलं होतं."

"हा," त्या म्हणाल्या आणि पुढच्या मुलाच्या ताटलीत खिचडी वाढली. "ते मी दुसऱ्या दिवशी परत केलं. पाच-दोनशे भरली."

मी ओट्यावर बसले.

मुलांचं खाणं उरकल्यावर ताईंनी त्यांची वही काढून दाखवली. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या बाळांची वजनं पुन्हा घेतली होती. पायलला आणि तिच्या आईला, रंजनाला, स्वतः जीपमधून दवाखान्यात नेऊन पोषणाच्या विभागात भरती केलं होतं. दोन आठवडे ठेवलं. मग घरी आणून रोज आपल्या डोळ्यांदेखत भरवलं.

"तुम्हांला कसं कळलं?" शुभदाने विचारलं.

"रोज उचलते ना पोरांना. हाताला कळतं. आन् गोधडी तर मीच दिलेली."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

ताईंनी वही मिटली. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी येवढे डॉक्टर. मला वाटलं, गोधडीचं वजन तुमी घरी जाऊन वजा करत असाल. आन् दुपारी तुमीच तर शिकवलं, काटा कसा लावायचा. तुमाला कसं सांगनार?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं वाटलं असतं. आम्ही तिथे वर्षानुवर्षं शिबिरं घेतो, खेळणी वाटतो, प्रशिक्षणं देतो, आणि चूक समोर दिसत असताना ती बोलून दाखवायची सोय काही आम्ही ठेवली नव्हती. मला लाज वाटली, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटत होतं की लाजसुद्धा नीट वाटेना.

एक मेख राहिली होती. डिसेंबरात पायल बोईसरला गेली, त्यानंतर ताईंनी तिला पाहिलं नव्हतं. "रंजना फोनवर बोलते, बरी हाय म्हनून. पन फोनवर वजन कळत नाय." उद्या रविवार, त्या आमच्याबरोबर यायला तयार झाल्या. काटा मात्र स्वतःचा आणणार होत्या.

रात्री बोईसरला लॉजवर राहिलो. दोघींना सोळाशे रुपये, खोली स्वच्छ, गरम पाणी सकाळी सात ते नऊ. खाली खानावळीत एकशे वीस रुपयांची थाळी, रोट्या हव्या तेवढ्या. आजूबाजूला कारखान्यांतली मंडळी जेवत होती, सगळीकडे हिंदी. मी रोट्या मोजल्या नाहीत. शुभदाने मोजल्या आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आकडा जाहीर केला.

सकाळी ताई वाणगावहून लोकलने आल्या. रंजनाची खोली पत्र्याच्या चाळीत होती, कारखान्यांच्या मागच्या बाजूला. दाराशी एक बाळ कुणाच्या तरी चपलेचा अंगठा चघळत बसलं होतं. मी त्याला ओलांडून आत डोकावले आणि विचारलं, "पायल कुठे आहे?"

"तुमी ओलांडली ती," ताई म्हणाल्या.

ताईंनी काटा दाराच्या चौकटीच्या खिळ्याला अडकवला. झोळी लावली, सुई शून्यावर आणली आणि मला म्हणाल्या, "तुमी बघा बरोबर हाय का." मी डोळे बारीक करून पाहिलं. बरोबर होतं. मग पायल झोळीत गेली आणि चाळ दणाणून सोडेल अशी रडली. सुई हलली, डुगडुगली, आणि स्थिरावली. सहा किलो आठशे.

आणखी नीट सांगते. दहा महिन्यांच्या मुलीला हे वजन काही फार नाही, पण तक्त्यावरच्या हिरव्या पट्ट्यात बसतं. मला रडू आलं. शुभदाने रुमाल दिला आणि वर म्हणाली, "हिला पण झोळीत घालू का?" रंजना बिचारी घाबरली. तिला वाटलं, पोरीचं काहीतरी बिघडलंय. ताईंनी तिची समजूत घातली, "काय नाय गं, डॉक्टरबाई खूश झाल्या."

शेजारची बाई कडेवर मूल घेऊन आली. "दीदी, हमारे वाले का भी कर दीजिए ना." मग दुसरी, मग तिसरी. तासाभरात चाळीतली सगळी लहान मुलं झोळीतून जाऊन आली. वजन ताईंनी घेतलं, मी लिहून घेतलं. दोन मुलांच्या लसी राहिल्या होत्या, त्यांना कुठे आणि कोणत्या दिवशी जायचं ते शुभदाने हिंदीत समजावलं. तिचं हिंदी ऐकून बायका मनापासून हसल्या. बॅनर नव्हता, फोटो तर कुणी काढलाच नाही. पुढच्या वेळचं शिबिर शिमग्यानंतर, माणसं घरी परतल्यावर घ्यायचं, हेही तिथेच ठरलं. थंडीतली हवा आम्हांला मानवते म्हणून आजवर शिबिरं थंडीत व्हायची.

ताईंना परतीच्या लोकलमध्ये बसवून आम्ही तारापूरमार्गे चिंचणीच्या किनाऱ्यावर गेलो. बोईसरपासून अर्ध्या तासाच्या आत पोचता. सुरूच्या सावलीत शहाळं प्यायलो, वाळूत पाय लांब करून बसलो. ओहोटी होती, पाणी खूप आत गेलं होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा मला झोप आली, आणि मी तिथेच, भर दुपारी, पर्स डोक्याखाली घेऊन झोपले.

घरी आल्यावर मी तो फोटो, सुईभोवती लाल गोल काढून, संघटनेच्या ग्रुपवर टाकला आणि सगळं लिहिलं. मग आमच्या एका ज्येष्ठ सरांनी लिहिलं, 'मी त्या दिवशी काट्याशेजारीच उभा होतो. मलाही दिसलं नाही.' पुढच्या शिबिरापासून वजन सेविका घेतील आणि आम्ही लिहून घेऊ, असं ठरलं. फोटो शुभदा मुखपृष्ठावर टाकणारच आहे, लाल गोलासकट.

शिबिराची नोंद तरी बरोबर असावी म्हणून एकोणिसांच्या वजनातून सातशे-सातशे वजा करून मी दुरुस्त यादी पोस्टाने पाड्यावर पाठवली. आठवड्याने सुनंदाताईंचा फोन आला. टेकाडावर चढून लावला होता, वारा घोंघावत होता.

"डॉक्टरबाई, यादी मिळाली. तिच्यात चूक हाय."

"कुठली?"

"शेवटच्या चार पोरांच्या टायमाला ऊन आलेलं. गोधडी तुमीच काढायला सांगितली. त्यांचं नुसतं साडीपुरतं कमी करा. नावं सांगू?"

मी खुर्ची ओढली, यादी समोर घेतली आणि पेनाचं टोपण काढलं.

"सांगा, ताई," मी म्हटलं.