तिसरा तारा

रास्ता पेठेतल्या झिराडकरांचं दार शनिवारी कुणी वाजवलं, तर आतून आयझॅकरावांचं उत्तर ठरलेलं असे, "आम्ही घरीच आहोत. उद्या या." पेठेला यात काही वावगं वाटत नसे, कारण पेठेची स्वतःची बोलायची रीतही साधारण तीच होती. शनिवार हा ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत सिपोराबाई दिवे लावत, आणि शनिवारी आभाळात तीन तारे दिसेपर्यंत त्या घरात काम, फोन, विजेचं बटण, सगळं बंद.

एरवी मात्र ते दार कायम सताड उघडं. आयझॅकराव रेल्वेतून निवृत्त झालेले, बेने इस्राएल समाजाच्या ट्रस्टचे कार्यवाह. इस्राएलला निघालेल्यांची कागदपत्रं, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची औषधं, लग्नं, मयती, सगळीकडे हा माणूस हजर. सिपोराबाई गणिताच्या बाई. तळमजल्यावरच्या खोलीत त्या फुकट शिकवत आणि मुलं सगळ्या जातीधर्मांची येत. घरी मलिदा, म्हणजे गूळखोबरं घातलेले गोड पोहे, केला की परात सगळ्यात आधी ही मुलंच रिकामी करत. "समाज इतका आटलाय की मलिदा संपवायलाही माणसं बाहेरून आणावी लागतात," असं म्हणत आयझॅकराव स्वतःही परातीत हात घालत.

नव्याण्णव साल उजाडलं आणि जो तो कॉम्प्युटरच्या मागे लागला. बुलढाण्याहून, यवतमाळहून आलेली मुलं कॉट बेसिसवर राहत आणि क्लासची फी ऐकून परत फिरत. ते पाहून सिपोराबाईंच्या जिवाला घोर लागला. त्यांनी ओळखीपाळखी धुंडाळल्या, कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, आणि अखेर एका कंपनीची श्रद्धा नावाची तरतरीत अधिकारी घरी आली.

"जुने कॉम्प्युटर देतो, शिकवायला आमचे इंजिनिअरही देतो," ती म्हणाली. "फक्त बॅच सॅटर्डे मॉर्निंगला ठेवा."

"रविवारी नाही जमणार?"

"संडेला ते कपडे धुतात आणि झोपतात, मॅडम."

"मग कॉम्प्युटर राहू द्या," आयझॅकराव म्हणाले. "चहा मात्र घेऊन जा."

श्रद्धा भली होती. तिने सोमवारपर्यंत मुदत दिली. नाहीतर ते कॉम्प्युटर दुसऱ्या संस्थेला जाणार होते. ती गेल्यावर सिपोराबाई नवऱ्यावर उखडल्या. "अहो, मुलांचं काही पडलंय का तुम्हाला?"

"पडलंय की. पण माझ्या आजोबांचं पोट तेलाच्या घाण्यावर होतं, तरी शनिवारी त्यांनी घाणा फिरू दिला नाही. आणि मी पेन्शन खाऊन वर्ग चालू करू?"

सिपोराबाईंनाही शब्बाथ मोडायचा नव्हताच, आणि म्हणून तर त्या जास्तच चिडल्या.

शनिवारी संध्याकाळी दोघं गच्चीवर दोन टोकांना खुर्च्या टाकून बसले होते. शेजारच्या गल्लीतल्या शमशुद्दीन बाइंडरची नाजिमा आणि बुलढाण्याचा मच्छिंद्र अडलेली गणितं घेऊन वर आले.

"थांबा," सिपोराबाई म्हणाल्या. "दोनच निघालेत."

मुलंही मान वर करून शोधू लागली. मच्छिंद्रने एक तारा दाखवला. तो सरकू लागला आणि लोहगाव विमानतळाच्या दिशेने उतरला. मग नाजिमाला खरा तिसरा दिसला. तिने तिथेच पुस्तक उघडलं.

सिपोराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "अहो, शब्बाथ संपला?"

"संपला."

"पण शनिवारची संध्याकाळ शिल्लक आहे की."

आयझॅकराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. सिपोराबाईंनी खाली जाऊन तडक श्रद्धाला फोन लावला.

"इव्हिनिंग चालेल, मॅडम. पण टाइम काय सांगू?"

"तीन तारे दिसले की."

"म्हणजे एक्झॅक्टली?"

"उन्हाळ्यात उशिरा, थंडीत लवकर. वर बघायचं."

कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यामागोमाग आयझॅकरावांची पाटीही आली : 'शनिवारचा वर्ग तीन तारे दिसल्यावर. त्याआधी दार वाजवू नये. विमान मोजू नये. ढग असल्यास अंदाज बांधावा, वाद घालू नये.' इंजिनिअर आधी हसले, मग तेही वेळेआधी येऊन गच्चीवर माना मोडू लागले. त्या खोलीतून शिकलेली मुलं मगरपट्ट्यात, हिंजवडीत नोकरीला लागली. नाजिमाही लागली, लग्न होऊन वारज्याला गेली, पण शनिवारी शिकवायला येत राहिली.

दहा वर्षांनी आयझॅकराव गेले. इस्राएलला गेलेल्या मुलाने आईला अश्दोदला बोलावलं. निघताना सिपोराबाईंनी खोलीची किल्ली नाजिमाला दिली. "आता सकाळीच वर्ग घेत जा," त्या म्हणाल्या. "माझ्या शब्बाथपायी तुमच्या संध्याकाळी कशाला अडवू?" बोलल्या खऱ्या, पण विमानात त्यांना रडू आवरेना.

अश्दोदला सगळं होतं, पेठ नव्हती. कुणाला न कळवताच त्या परतल्या, शुक्रवारी कशाबशा दिवे लावायच्या वेळेला पोचल्या. शनिवारी सकाळपासून त्यांचे कान तळमजल्याकडे होते. दहा वाजले, अकरा वाजले, कुणी आलं नाही. शब्बाथ असल्याने फोन करून विचारायचीही सोय नव्हती. वर्ग बंद पडला, असं त्यांच्या मनाने घेतलं आणि दुपारचं जेवण त्यांना गेलं नाही.

दिवेलागणीला जिन्यात पावलं वाजली. त्या धरून धरून गच्चीवर गेल्या, तर वर पंधरावीस मुलंमुली माना वर करून उभी. एकही ओळखीचा चेहरा नाही. एका मुलीने त्यांना कठड्याशी जागा करून दिली.

"बसा, आजी. मी शालू, यवतमाळची. क्लासला आलाय का कुणाला भेटायला? नाजिमा मॅडम ट्रॅफिकमध्ये अडकल्यात. आणि तसेही अजून दोनच निघालेत. तिसरा निघाल्याशिवाय इथं दार उघडत नाहीत."

"तुम्हाला सकाळी जमत नाही का?"

"जमतं की. पण इथं असंच आहे, आजी. झिराडकर सरांची पाटी आहे खाली."

सिपोराबाईंनी पदराने डोळे पुसले आणि वर पाहिलं. पिंपळाच्या शेंड्यावर तिसरा तारा स्पष्ट दिसत होता. शालू अजून भलतीकडेच शोधत होती, आणि तिला तो सापडेपर्यंत त्या थांबून राहिल्या.