बुरुजातली पोकळी

शहराच्या कडेचं बेसा ओलांडून पुढे गेलं की नव्या इमारतींच्या मागे आमच्या गावची गढी लागते. गढीचा आता एकच बुरूज उरला आहे, पूर्ण मातीचा, दोन मजल्यांहून उंच. त्याच्या दक्षिण अंगाला पाठ लावून आमचं घर आहे. नवरा गेल्यावर थोरली बहीण तिथे परत आली आणि एकटी राहू लागली. मागच्या पावसाळ्यात बुरुजाला वरपासून खालपर्यंत उभी भेग पडली. भेग आवळली गेली नाही तर घर पाडावं लागेल, असं तिला लेखी कळवण्यात आलं. तिला दुसरी जागा नाही.

दुरुस्तीची पद्धत साधी होती. पूर्वेकडून बुरुजात आडवी छिद्रं पाडायची, ती भेग ओलांडून पलीकडच्या मातीत न्यायची. प्रत्येक छिद्रात कापडी पिशवी चढवलेली सळई सरकवायची. मग पिशवीत चुन्याचं पातळ मिश्रण दाबाने भरायचं. पिशवी फुगते, मातीला घट्ट धरते, आणि भेगेच्या दोन्ही बाजू एका सळईने बांधल्या जातात. पाणी लागलं तर माती विरघळते, म्हणून ड्रिल कोरडंच चालवतात.

काम पाहणाऱ्या इंजिनिअर बाईंनी पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, आत कुठे पोकळी आहे का. गढीची पांढरी माती गावाने पिढ्यान् पिढ्या भिंती लिंपायला नेली. आमच्या घराच्या मागून ती नेणाऱ्यांत आम्ही दोघं भावंडंही होतो. दिवाळीआधी टोपल्या भरून आणायचो. खणता खणता तिथे दोन मुलं बसतील एवढा कोनाडा झाला होता. मी बाईंना तो सांगितला आणि तो बुजवलेला आहे, असंही सांगितलं. बहीण फोनवर तसं म्हणाली होती. वार्ताहरांच्या बातम्यांवर ‘प्रत्यक्ष कोणी पाहिलं?’ असा शेरा मारण्यात माझी वर्तमानपत्रातली सगळी नोकरी सरली. इथे मी पाहायला गेलो नाही.

मे महिना होता, दुपारचे दोन वाजले होते. तिसरं छिद्र चाललं होतं. ठरलेल्या खोलीच्या बरंच अलीकडे ड्रिल एकदम सैल झालं. चालवणारा पुढे झुकला, सावरला. बाईंनी हात वर केला, मशीन थांबलं. पातं बाहेर ओढलं तेव्हा त्याच्या टोकाला निळं कापड गुंडाळलेलं होतं. सोबत कापसाचे पुंजके आणि टाक्यांचा पांढरा दोरा.

मातीत कापड कुठून आलं, असं चालवणाऱ्याने हिंदीत विचारलं. ते कापड आमच्या आईच्या लुगड्याचं होतं. त्या लुगड्याची गोधडी बहिणीकडे होती. जेवण झालं की बहीण आडवी होते, हेही मला माहीत होतं. पळायला हवं होतं. मी त्या कापडावर लाल रंग शोधत उभा राहिलो.

तेवढ्यात कोपऱ्यावरून बहीण आली. हातात ताट, ताटात चहाचे ग्लास. तिने ताट खाली ठेवलं आणि त्या माणसाच्या हातातलं कापड घेऊन पाहिलं.

“माही गोधडी काहून फाडली गा?”

गोधडी कुठे होती, असं बाईंनी विचारलं. शेजारची खोली दाखवावी तसा तिने बुरूज दाखवला.

आम्ही तिच्या मागून घरात गेलो. कोनाडा कधी बुजवलाच नव्हता. त्याच्या तोंडाशी तिने गव्हाची कोठी उभी केली होती. आत सतरंजी, पाण्याचा माठ, हातपंखा. आमच्या लहानपणापेक्षा जागा मोठी झाली होती. दरवर्षी तीही माती काढत आली होती. बाहेर अंगाची लाही होत असताना आत गारवा होता. गोधडी घडी करून भिंतीला टेकवलेली होती, पाठीसाठी. छिद्र बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर होतं. मी त्याला डोळा लावला. पलीकडे मशीनचा पिवळा रंग दिसला.

खोटं का बोललीस, असं मी विचारलं.

“खरं सांगतलं असतं तर तू त्या बाईले सांगतलं असतं. मंग घर गेलं असतं.”

तिचं बरोबर होतं. मी सांगितलंच असतं. मग ती इथून उठली कधी, ते विचारलं.

“तुमच्या मशीननं डोळा लागू देल्ला नाही. म्हटलं, जागीच आहो तर लेकरायले चहा तरी पाजू.”

मी सतरंजीवर बसलो.

बाईंनी काम थांबवलं. मातीच्या कच्च्या विटा रचून कोनाडा बुजवायचा, मग छिद्रं पुन्हा पाडायची, असं ठरलं. तोवर घर रिकामं. शेवटी प्रत्येक सळई जॅकने ओढून पाहणार आहेत. सळया हलल्या नाहीत तर बहीण परत जाईल. हलल्या तर घर पाडतील. विटांचा प्रत्येक थर मी स्वतः जाऊन पाहतो. बाईंना ते आवडत नाही.

बहीण सध्या शहरात, लकडगंजला माझ्याकडे आहे. दुपारी दोनच्या सुमाराला मी तिच्या खोलीत डोकावतो. झोपलेली असली तर उठवतो. काहून उठवतं, असं ती विचारते. चहा पाहिजे, म्हणून सांगतो.