आखाजीचा धोंडा

माझ्या बापाचं, पुनाचं, तोंड कमी चालायचं आणि हात जास्त. बैल अडला, मार. आई बोलली, मार.

रुपचंद मास्तर नदीपलीकडच्या गावचे. शाळा सुटली की आमच्या मारुतीच्या पारावर तबला शिकवायचे. शिरपुरातला क्लास दुकानदारांच्या पोरांनाच परवडणारा. मास्तरांची फी म्हणजे सुगीला जमेल तेवढी ज्वारी, आणि ज्याच्या घरी तीही नाही त्याने पार झाडायचा. मी पार झाडायचे. मजुराची पोर तबला वाजवते म्हणून गाव हसायचं. हसू दे मेल्यांना!

सत्त्याऐंशी सालची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आखाजीला नदीच्या दोन काठांवर दोन गावं उभी राहायची. बाया एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरायच्या, पुरुष गोफणीने धोंडे मारायचे. रक्त निघालं तरी तक्रार नाही, अशी रीत. ज्याने ही रीत पाडली त्याच्या तोंडात शेण पडो. दुसऱ्या दिवशी शिरपुरात आमची स्पर्धा होती, म्हणून मास्तर तबला डोक्यावर धरून गुडघाभर पाण्यात उतरले. आपल्याला कोण मारेल, असं त्यांना वाटलं. पण त्या दिवशी पलीकडून येणारा माणूस नुसता पलीकडचा असतो. बापाने गोफण फिरवली. धोंडा मास्तरांच्या उजव्या हातावर बसला आणि बोटांचा चेंदामेंदा झाला.

मास्तरांवर हात टाकला म्हणून पलीकडचे रीतही विसरले. कुऱ्हाडी घेऊन आले, बापाला पारापर्यंत फरफटत नेलं. हाताला फडकं गुंडाळून मास्तर मध्ये पडले.

"त्याले मारू नका. मंग वर्ग कोन चालाडी? पुना, आते मन्हा हात तू शे. रोज येत जाय."

मास्तरांचा हात म्हणून बाप रोज पारावर बसू लागला. मास्तर तोंडाने बोल म्हणायचे, बाप वाजवायचा. चुकला की मास्तर डाव्या हाताने त्याच्या नखांवर छडी हाणायचे. तेव्हा मला आत गारगार वाटायचं, खोटं कशाला सांगू? वर्षभरात बापाचे हात पाहून बारकी पोरं शिकू लागली.

पुढच्या आखाजीला मास्तरांना आणायला बाप स्वतः नदीत उतरला. दोन्ही काठांवरून धोंडे येत होते. मास्तरांना पाठीशी घेऊन तो काठावर चढला तेव्हा कपाळ फुटलं होतं, एक डोळा रक्ताने मिटला होता.

आई किंचाळली, "हात तरी आडवा धरता!"

बापाने बंडीत, काखेखाली दाबून ठेवलेले दोन्ही हात बाहेर काढले आणि दहाही बोटं पसरून मास्तरांपुढे धरले.

"दखा मास्तर, बोटं बठ्ठा साबूत शेतस."