मुकुंदानं ठेवलेला घास

शोध थांबवल्याचं मला टेलिफोनवर कळलं. म्युनिकच्या आमच्या वसतिगृहात तळमजल्यावर एकच टेलिफोन आहे, जिन्याखाली. पलीकडचे पोलीस गृहस्थ फार सभ्यपणे बोलत होते. पाणी आता खूप गार झालंय, पाणबुडे उतरणार नाहीत, असं ते म्हणाले. मुकुंदा तळ्यात एकटाच घेऊन गेलेली होडी मिळाली होती. होडीत त्याचे बूट होते, शेजारी शेजारी नीट ठेवलेले. तो तेवढा मिळाला नव्हता. डोंगरातल्या त्या तळ्याबद्दल तिथले कोळी म्हणतात, की घेतलेलं ते परत देत नाही. मी सरळच विचारलं, "म्हणजे तो मेला, असं तुमचं म्हणणं आहे का?" ते म्हणाले, "तसं आम्ही म्हणत नाही, फ्रॉयलाइन. तो बेपत्ता आहे."

मिरजेला मुकुंदाच्या घरीही तसं कुणी म्हणत नव्हतं. त्याच्या थोरल्या भावानं, दादांनी, मला कळवलं की घरात सगळे आईला 'शोध चालू आहे' एवढंच सांगतात. गुरुजी म्हणतात, देह मिळाला नाही तर बारा वर्षं वाट पाहायची. "आमच्यापैकी कुणाच्याच तोंडून तो शब्द निघत नाही," दादांनी लिहिलं होतं. "वर्तमानपत्राच्या पुरवणीत तू लिहितेस ते आई चष्मा पुसून वाचते. तूच लिही." मी हो म्हटलं. माझे वडील सोलापुरात पत्रकं छापत. गिरणीतल्या संपाची, भटभिक्षुकीविरुद्धची, जातीविरुद्धची. त्यांच्या गठ्ठ्यांवर झोपून मी लहानाची मोठी झाले. मेलेल्याला मेला म्हणायला मला काय अडचण येणार होती? पण कागद पुढ्यात घेऊन मी कित्येक दिवस नुसती बसून राहिले आणि त्या दिवसांत मला सारखी आठवत राहिली ती मुकुंदाची घरमालकीण फ्राउ ब्रांडल, आणि तिचा कोर्बिनियान.

मुकुंदा गार्चिंगला भौतिकशास्त्रात डॉक्टरेट करत होता. शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या अणुभट्टीच्या घुमटाला गावकरी 'अणूचं अंडं' म्हणतात. तिथून चालत येण्याच्या अंतरावर फ्राउ ब्रांडलच्या घरात, वरच्या मजल्यावर त्याची खोली होती. खाली ती आणि तिची सून गेर्डा. मी रविवारी बसनं जायची, कारण मुकुंदा आमटीभात करायचा आणि तो दुसऱ्या कुणाला जमत नसे. तो मला 'पत्रकबाई' म्हणे. "या पत्रकबाई, आज कुणाचा निषेध?" हे त्याचं स्वागत. उंच, जरासा वाकलेला, बोलताना समोरच्याच्या कोटाचं बटण धरायची सवय. म्हातारीला तो 'आजी' म्हणायचा. अर्थ समजल्यावर तिनं दुसरं काही म्हणू दिलं नाही.

आजीचा मुलगा आलोइस महायुद्धात रशियाच्या आघाडीवर गेला आणि बेपत्ता झाला. शेवटचे कैदी रशियातून परत आले तेव्हा ती त्याचा फोटो छातीशी धरून स्टेशनवर उभी राहिली होती. तो उतरला नाही. गेर्डा लग्नानंतर जेमतेम एक उन्हाळा त्याच्याबरोबर राहिली होती. आता गावातल्या बसच्या ड्रायव्हरला तिच्याशी लग्न करायचं होतं. त्यासाठी कोर्टाकडून आलोइसला मृत जाहीर करून घ्यायला हवं होतं, आणि म्हातारी म्हणे, "माझ्या घरातून कुणी तसं बोलायचं नाही." गेर्डा एकटी जाऊन अर्ज करू शकत होती. केला नाही. बेकरीतून आली की पीठ झटकायची आणि सासूसमोर मुकाट्यानं जेवायला बसायची.

कोर्बिनियान हा म्हातारीच्या आजोबांचा धाकटा भाऊ. अठराशे अठ्ठेचाळीसचा उठाव फसल्यावर तो अमेरिकेला पळाला आणि तिथल्या यादवी युद्धात जर्मन लोकांच्याच एका पलटणीत भरती झाला. त्यानंतर त्याचं काही कळलं नाही. म्हातारीच्या डोक्यात एक गणित पक्कं बसलं होतं. कोर्बिनियान जर त्या युद्धातून वाचला असेल, तिकडेच बायकामुलांत रमला असेल आणि फक्त घरी कळवायचं राहिलं असेल, तर आलोइसचंही तसंच झालं असणार. आणि कोर्बिनियान लढाईत मेला असेल, तर... "तर मग बघू," असं म्हणून ती थांबायची. मुकुंदाला इंग्रजी येत होतं, म्हणून अमेरिकेच्या दप्तरखान्याला पत्र लिहून कोर्बिनियानची चौकशी करायचं काम त्याच्यावर आलं.

मी तर हरखलेच. गुलामगिरीविरुद्ध लढलेला शेतकऱ्याचा पोर! असा पूर्वज या गावात निघावा, जिथल्या स्मारकावर मेलेल्या शिपायांची नावं कोरलीत पण त्यांनी कुणाला मारलं त्याचा एक शब्द नाही! मी तिला त्या पलटणीबद्दल भाषणच दिलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कशासाठी लढला ते राहू दे, मुली. घरी का आला नाही ते सांग." शेजारच्या म्हाताऱ्याकडे मुकुंदा ब्रांडल घराण्याची जुनी माहिती विचारायला गेला, तर त्यानं खिडकी लावून घेतली. "पूर्वज शोधून काढायचे दिवस आमच्याकडे येऊन गेलेत, भारतीय महाशय." रक्त शुद्ध आहे हे दाखवायला हिटलरच्या राज्यात सगळ्यांनाच पूर्वज शोधावे लागले होते. त्याची भीती, की लाज, अजून गेली नव्हती.

अमेरिकेतून उत्तर आलं तेव्हा मी त्या स्वयंपाकघरात होते. मुकुंदानं ते एकदा मनात वाचलं, मग हळूहळू जर्मनमधून सांगितलं. या नावाचा शिपाई पलटणीत होता. एका लढाईनंतर तो हजेरीला नाही. मेलेल्यांत नाही, जखमींत नाही, पळून गेलेल्यांतही नाही. म्हातारीनं विचारलं, "म्हणजे बेपत्ता?" मुकुंदा म्हणाला, "हो, आजी. बेपत्ता." तिनं चुलीत एक लाकूड सारलं. मग अगदी सहज, बस चुकल्याचं सांगावं तशी म्हणाली, "म्हणजे दोघंही अजून वाट चालतायत." गेर्डानं हातातली बशी खाली ठेवली आणि खोलीतून निघून गेली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथे मृतांचा दिवस असतो. घरोघरची माणसं कबरींवर लाल काचेचे दिवे लावतात, दफनभूमी निखाऱ्यांसारखी दिसते. म्हातारी कधी जात नसे. जायला तिच्याकडे कबर नव्हती. त्या दिवशी दुपारी मी गेले तर मुकुंदा भाताचा मऊ गोळा वळत होता.

"हे काय चाललंय?"

"बरं, पत्रकबाई, ओरडू नका. काळे तीळ मिळाले नाहीत, गेर्डानं बेकरीतून खसखस आणलीय."

"पितृपक्ष महिन्यापूर्वी संपला."

"आपला संपला. यांचा आज आहे."

मी भांडले. फार भांडले. म्हटलं, तू अणुभट्टीत काम करतोस आणि कावळ्याला पिंड घालतोस? आणि त्या राजवटीच्या फौजेतल्या शिपायासाठी? तो रशियात गेला होता कशाला, शेती करायला? मुकुंदानं माझ्या कोटाचं बटण धरलं. "घास कोर्बिनियानसाठी आहे. तुझा तो, गुलामगिरीविरुद्धचा. त्याला चालेल ना?" मी नाइलाजानं मागच्या अंगणात जाऊन उभी राहिले.

धुकं एवढं होतं की अणूचं अंडं दिसत नव्हतं. नांगरलेल्या शेतात कावळे मात्र शेकड्यांनी होते, इथले ते मोठे, मानेशी राखाडी पट्टा नसलेले, काळेकुट्ट. मुकुंदानं घास कुंपणाजवळच्या ओंडक्यावर ठेवला आणि मागे सरला. एकही कावळा हलला नाही. नुसते हलले नाहीत असं नाही, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे होती आणि आवाज बंद झाला होता. मी पुटपुटले, "जर्मन कावळ्यांना भात आवडत नसेल." मुकुंदा हसला नाही. त्यानं म्हातारीला समजावून सांगितलं, की आमच्याकडे कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं काही राहिलं आहे असं धरतात. घरच्या माणसानं ते ओळखायचं आणि मोठ्यानं कबूल करायचं.

म्हातारी म्हणाली, "कोर्बिनियान, दार उघडं आहे. ये." काही नाही. ती म्हणाली, "कोर्बिनियान, तुझ्या आत्म्यासाठी मी चर्चमध्ये प्रार्थना म्हणवून घेईन." काहीच नाही. थंडीनं माझी बोटं बधिर झाली होती. मागे स्वयंपाकघराच्या दारात गेर्डा हाताची घडी घालून उभी होती. म्हातारीनं तिच्याकडे वळून पाहिलं आणि मग घासाकडे तोंड करून, मुलाला उठवताना हाक मारावी तशा बारीक आवाजात म्हणाली, "आलोइस. गेर्डाला मी अडवणार नाही. तू गेलास, हे मला कळलंय."

कावळा शेतातून आला नाही. तो घराच्या छपरावरून आला, आमच्या डोक्यांवरून, इतका खालून की पंखांचा वारा लागला. घास उचलून धुक्यात गेला. मागोमाग शेतातले सगळे एकदम ओरडत उठले.

गेर्डानं त्याच आठवड्यात कोर्टात अर्ज दिला. मला बसपर्यंत सोडायला आलेल्या मुकुंदाला मी म्हटलं, "योगायोग." तो म्हणाला, "गेनाऊ, अगदी तसंच." पुढे कितीही डिवचलं तरी त्या दिवसाबद्दल तो याहून जास्त बोलला नाही. आलोइस ज्या युद्धात गेला ते मी आजही माफ करत नाही, करणारही नाही. हे मी मुकुंदालाही सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "करू नकोस. तिनं तरी कुठे माफी मागितली? तिनं फक्त खरं सांगितलं."

गेल्या रविवारी मी त्याच्या वस्तू आणायला गार्चिंगला गेले. आजी आता फारशी उठत नाही, तरी माझ्याबरोबर जिना चढून वर आली. खोली झाडलेली होती. आम्ही पुस्तकं बांधत असताना खाली दारावरची घंटा वाजली. गेर्डा लग्न करून पलीकडच्या गावात गेलीय, घरात आणखी कुणी नव्हतं. मी उठले तर आजी म्हणाली, "कुणी नसतं. तो गेल्यापासून वाजते. मी रोज उघडते, बाहेर धुकं असतं." मी म्हटलं, तारेत ओल गेली असेल. "असेल," ती म्हणाली. "पण त्याचं नाव अजून घंटेवर आहे. आणि त्याच्या घरचं कुणी इथे नाही. आज तू उघड."

मी दार उघडलं. फाटकापर्यंत कुणी नव्हतं. घंटेच्या बटणाशेजारी, काचेच्या बारीक पट्टीखाली, कागदावर त्याच्या हातानं लिहिलेलं नाव होतं, आधी त्यांच्या लिपीत, खाली लहान अक्षरांत आपल्या. कधीतरी एखादा मराठी माणूस येईल म्हणून असावं. मी कुणाशी बोलतेय हे मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. माझ्या वडिलांनी हे वाचलं तर ते काय म्हणतील तेही माहीत नाही. मी धुक्याकडे बघून म्हटलं, "मुकुंदा, तुझ्या आईला मी सांगते. तू नीघ." मग नखानं ती पट्टी सरकवली आणि कागद काढून घेतला. वर गेले तेव्हा आजीनं काही विचारलं नाही, फक्त सरकून मला पलंगावर जागा करून दिली.

मुकुंदाच्या आईला मी काकू म्हणते. काकू, शोध चालू नाही. कुणी वाईट हेतूनं लपवलं नाही, त्यांना बोलवत नव्हतं. बारा वर्षं वाट पाहू नका. मुकुंदा गेला.