मागं माणसं होती

फौजदारांचं बोलणं ऐकायचं तर समोरच्याला जरा पुढं वाकावं लागे. राग आला की माणसाचा आवाज चढतो, यांचा आणखी उतरायचा. पोलीस म्हटल्यावर जो रुबाब, जो दरारा आपल्या डोळ्यांसमोर येतो, त्यातलं काहीच त्यांच्यापाशी नव्हतं. पकडून आणलेला भुरटा चोरसुद्धा साहेब काय विचारताहेत हे कळावं म्हणून त्यांच्याकडे झुकून बसायचा, असं त्यांच्या ठाण्यातली माणसं हसून सांगत. एकदा मी त्यांना विचारलं, तुम्हाला ओरडायला जमत नाही का? ते म्हणाले, "जमतं की. पण ओरडलं की समोरचा काय म्हणतोय ते ऐकू येत नाही."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ते बदलून वसईत आले आणि सांडोरला आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहिले. सोबत वहिनी. मुलगी साताऱ्याकडे आजीजवळ शिकत होती. पुढं त्यांना बढती मिळाली, खांद्यावरचे तारे वाढले, पण आमच्या आळीत ते फौजदारच राहिले. त्यांचं खरं आडनाव अर्ध्या गावाला ठाऊक नव्हतं. मी तेव्हा वसईतल्या एका छोट्या इस्पितळात नर्स होते, म्हणून ते मला सिस्टर म्हणत. घरातही सिस्टरच. माझे वडील माझ्या नावानं हाक मारत तेव्हा फौजदार क्षणभर बघायचे, ही कोण म्हणून.

शेतकऱ्याच्या घरातला माणूस. सुटीच्या दिवशी बनियनवर आमच्या केळीच्या वाडीत शिरायचा आणि पाटाचं पाणी वळवत बसायचा. रविवारी आम्ही चर्चमधल्या मिस्साहून परत येईपर्यंत यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात गेलेले असत. पप्पांना ते इनासकाका म्हणत. आमच्या घरातली बोली शिकायचा त्यांनी फार प्रयत्न केला, पण एक वाक्य कधी सरळ आलं नाही. पप्पा मात्र त्यांच्या चुका कौतुकानं शेजाऱ्यांना ऐकवत.

दिवस वाईट होते. जमिनीचे भाव वाढत होते आणि वाढत्या भावांबरोबर माणसंही पडत होती. भर दिवसा कुणावर तरी गोळ्या झाडल्याची बातमी आली की दुकानांची शटरं खाली येत. आमच्या वाडीवरही एकाची नजर होती. दोनदा जीपमधून माणसं येऊन पप्पांना समजावून गेली. त्या समजावण्यात धमकी होती. फौजदारांना कळलं तेव्हा त्यांनी दाराशी पहारा बसवला नाही. रोज संध्याकाळी गणवेशातच ते आमच्या पुढच्या अंगणात, रस्त्यावरून दिसेल असे, खुर्ची टाकून चहा पीत बसू लागले. महिनाभर बसले. जीप पुन्हा आली नाही.

पप्पांचं मात्र समाधान नव्हतं. गुंडांकडे परदेशी पिस्तुलं आणि आपल्या शिपायांच्या हाती लाठी, फार तर ती जुनी थ्री नॉट थ्री रायफल, हे त्यांना खुपे. मशीनगन द्या म्हणावं प्रत्येक नाक्यावर, असं ते म्हणत. फौजदार त्यावर लगेच नाही म्हणत नसत. त्यांचाही जीव त्यात अडकलेला असे. रायफलीचा खटका अडकतो, गोळ्यांना ओल धरलीय, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं. पण एकदा कपातला चहा संपवून ते हळूच म्हणाले, "काका, हत्यार मोठं झालं की मागं सरायची लाज वाटायला लागते. आणि आमच्या कामात निम्म्या वेळा मागंच सरावं लागतं."

गावित हा त्यांचा शिपाई. जव्हारकडचा, हडकुळा, पळण्यात कुणाला हार जायचा नाही. फौजदार त्याला मुलासारखं वागवत, म्हणजे त्याच्यावर जास्त रागवत. बबन्या नावाचा एक गुंड त्या वर्षी फरारी होता. दोन खुनांत हवा होता. तो तुळिंजच्या बाजारात येणार अशी खबर लागली तेव्हा फौजदार गावितला घेऊन साध्या कपड्यांत गेले. फौजदारांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर, गावितच्या हातात काही नाही. लाठी घेतली तर पोलीस म्हणून ओळखू येईल, म्हणून तीही ठेवून गेलेला.

पुढचं गावितनंच मला वॉर्डात सांगितलं. संध्याकाळची गर्दी होती. बबन्या भाजीवाल्यांच्या रांगेत दिसला. गावित बाजूनं त्याच्याकडे सरकला आणि फौजदार समोरून. बबन्यानं ओळखलं आणि पिस्तूल काढलं. फौजदारांनीही काढलं. दोघांत चार-पाच हातांचं अंतर असेल. बबन्याच्या पाठीमागे मासळीवाल्या बसल्या होत्या. त्यांतली एक हातात कोयती तशीच धरून उभी राहिली आणि तिला हलताच येईना. "बाजूला हो बाई," असं फौजदार म्हणाले, पण त्यांचा तो आवाज तिला ऐकू कुठला येणार. त्यांनी गोळी झाडली नाही. तेवढ्यात गावितनं बबन्यावर उडी घेतली. बबन्यानं वळून त्याच्या मांडीत गोळी घातली आणि गर्दीतून निसटला.

गावितला आधी आमच्याच इस्पितळात आणलं. त्याला फौजदारांनी स्वतः उचलून आणलं होतं. त्यांचा शर्ट रक्तानं अंगाला चिकटला होता आणि गावितच्या मांडीवर दाबून धरलेला त्यांचा हात मी सोडवू लागले तर सुटेना. आम्ही त्याला मुंबईला हलवलं. जीव वाचला, पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. नंतर ड्रेसिंगसाठी तो आमच्याकडेच असायचा. फौजदार रोज येत, त्याच्या खाटेशी बसत आणि बहुतेक वेळा काहीच बोलत नसत. बोलत ते वरच्या साहेबांपुढे. माझ्या माणसांना निदान बुलेटप्रूफ जाकिटं द्या, बिनतारी यंत्रं द्या, नेमबाजीच्या सरावाला गोळ्या द्या, असं ते सांगत राहिले. गोळी का झाडली नाही याची चौकशी त्यांच्यामागे लागली होतीच.

बाजारपेठेतल्या लोकांनी तुळिंजच्या एका शाळेत सभा भरवली. पोलिसांना भारी हत्यारं मिळालीच पाहिजेत, ही मागणी होती. फौजदारांना बोलावलं होतं. गावितची बायको सुमन मला म्हणाली, सिस्टर, माझ्याबरोबर चला, म्हणून मीही गेले. भाषणं झाली. एक व्यापारी म्हणाला की गुंड दिसला की उडवायचा, चौकशा बंद करायच्या. टाळ्या पडल्या. मग सुमन उभी राहिली. माईक तिला कुणी दिला नाही, तिनं मागितलाही नाही.

"साहेब, तुमच्याकडं बंदूक होती ना?"

फौजदार व्यासपीठावरच्या खुर्चीतून उठले, खाली उतरले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"होती."

"मग?"

"मागं माणसं होती."

"पुढं माझा माणूस होता," सुमन म्हणाली.

तिनं जे म्हटलं ते खरं आहे, असं ते म्हणाले. एवढंच. ती बसली. ते मात्र उभेच राहिले, सभा संपेपर्यंत. घरी आल्यावर वहिनी आमच्या स्वयंपाकघरात येऊन रडल्या. हे रात्री झोपत नाहीत, असं म्हणाल्या.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका दुपारी, भेटीच्या वेळेला फौजदार आमच्या इस्पितळात आले. अंगात बुशशर्ट, हातात फळांची पिशवी. मला वाटलं कुणाला तरी बघायला आलेत. त्यांनी मला जिन्याजवळ बाजूला घेऊन सांगितलं. प्रसूतीच्या वॉर्डात शेवटच्या खाटेवर जी बाळंतीण आहे ती बबन्याची बायको, आणि आत्ता तो तिच्याजवळ बसलाय. नाव माहेरचं लावलंय. त्या बाळाला सकाळी मीच अंघोळ घातली होती.

रस्त्याच्या वळणावर रायफलधारी पोलिसांची गाडी उभी होती. त्यांच्या अधिकाऱ्याला इस्पितळाला वेढा घालायचा होता. आत बाळंतिणी आहेत, मला आधी एकट्याला जाऊ दे, अशी विनवणी करून फौजदार आले होते. कमरेला रिव्हॉल्व्हर होतं, शर्टाच्या आत. त्यांनी मला विचारलं, बाकीच्या नातेवाइकांना गाजावाजा न करता बाहेर काढता येईल का? मी वॉर्डात गेले आणि नेहमीच्या सुरात सांगितलं की डॉक्टर राउंडला येताहेत, नातेवाइकांनी व्हरांड्यात थांबावं. सासवा, नणंदा कुरकुरत उठल्या. बबन्या उठला नाही. त्याच्या हातात बाळ होतं आणि ते नुकतंच डोळे उघडून त्याच्याकडे बघत होतं.

फौजदार आत आले. खाटेशेजारच्या स्टुलावर एक कापडी पिशवी होती. ते पिशवी आणि बबन्या यांच्या मधे जाऊन उभे राहिले, अगदी घरचा माणूस उभा राहावा तसे.

"बबन, बाळ तिच्याकडं दे."

त्यानं वर पाहिलं आणि ओळखलं. त्याची नजर पिशवीकडे गेली, मग बाळाकडे आली. ती पोर आपल्या नवऱ्याकडे आणि या अनोळखी माणसाकडे आळीपाळीनं पाहत होती. तिला काहीच कळलं नव्हतं. तिला वाटलं, मोठे कुणी पाहुणे आलेत. तिनं हात पुढे केले आणि म्हणाली, "द्या ना, भुकेजलाय तो." बबन्यानं बाळ तिच्या हातात दिलं. फौजदारांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं बाहेर गेले. बबन्याच्या हातात बेड्या जिन्यात पडल्या. पिशवीत दुपट्यांच्या खाली भरलेलं पिस्तूल सापडलं.

नंतर ते आमच्या नर्सांच्या खोलीत येऊन बसले. मी पाणी दिलं. त्यांनी सगळा पेला संपवला. मी विचारलं, त्यानं पिशवीत हात घातला असता तर?

"तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही, सिस्टर," ते म्हणाले. "ते कळायची वेळ आली नाही, एवढंच."

त्याच संध्याकाळी ते गावितच्या घरी गेले. सुमननं सगळं ऐकून घेतलं. बरं झालं म्हणाली. मग म्हणाली की पाय काही परत यायचा नाही. नाही, असं फौजदार म्हणाले आणि तिथंच जमिनीवर बसून राहिले. तिनं थोड्या वेळानं त्यांच्यापुढे चहा ठेवला. पुढं गावितला ठाण्यात वायरलेसवर बसायचं काम मिळालं, ते मिळवायला फौजदारांनी किती उंबरे झिजवले ते वहिनींकडून कळलं. सुमनच्या घरी त्यांचं जाणं चालूच राहिलं. सुमन त्यांच्याशी कधी फार गोड बोलली नाही, पण दारातून परत पाठवलं असंही कधी झालं नाही.

बदली होण्याआधीच्या वर्षी ठाण्यात नव्या, मोठ्या बंदुका आल्या. जाकिटंही आली, थोडी. फौजदारांना आनंद झाला होता, हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर काही लोक त्यांना बंदुकीला घाबरणारा माणूस म्हणाले. त्यांनी शिपायांना सरावाला नेऊन नेऊन दमवलं. प्रत्येकाला ते नेम धरायला लावत आणि मग विचारत, निशाण्याच्या मागं काय दिसतंय ते सांग. मातीचा ढीग, असं उत्तर आलं की म्हणत, आज ढीग आहे.

मग ते कोल्हापूरकडे बदलून गेले. सामान ट्रकमध्ये चढलं तेव्हा पप्पा वाडीत जाऊन बसले, निरोप द्यायला आलेच नाहीत. फौजदार वाडीत गेले आणि बऱ्याच वेळानं दोघं डोळे पुसत बाहेर आले. पत्र वगैरे लिहायची सवय त्यांना नव्हती. नाताळला फोन यायचा. आवाज इतका बारीक, की पप्पा नुसतंच हो हो करत राहायचे.

निवृत्तीनंतर थोड्याच वर्षांत ते गेले. हृदयाचा झटका. वहिनींचा फोन आला तेव्हा पप्पा हयात नव्हते. मी गावितला कळवलं. जयपूर फूट लावून आणि कुबडी घेऊन तो यायला निघाला आणि त्याच्याबरोबर सुमनही. साताऱ्याकडच्या त्यांच्या खेड्यात आम्ही दिवसभर होतो. सुमन कुणाशी बोलली नाही. सरळ मागच्या पडवीत गेली, वहिनींच्या शेजारी बसली आणि संध्याकाळपर्यंत त्यांचा हात तिनं सोडला नाही.

परतीच्या एसटीत गावित झोपला. मी सुमनला विचारलं, अजूनही वाटतं का तुला, त्यांनी गोळी झाडायला हवी होती?

"वाटतं," ती म्हणाली. "एखाद्या दिवशी वाटतं, एखाद्या दिवशी नाही."

मग म्हणाली, "पण सिस्टर, मी भर सभेत विचारलं आणि ते खाली उतरून आले. पोलिसाला असं विचारता येतं, हे मला तेव्हा कळलं. आता कुणाला विचारायचं?"

गावितची कुबडी सीटवरून घसरत होती. ती तिनं उचलून मांडीवर घेतली आणि वसई येईपर्यंत तशीच धरून बसली.