विनोदविरुद्धची गड्डी

रईस शेख अकरा रविवार हरला होता, आणि अकराही वेळा एकाच माणसाकडून.

ऊर्जानगर वसाहतीच्या गेटबाहेर वडिलांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान होतं. तो तिथं बसायचा. वय सव्वीस. बारावीत दोनदा नापास, रेल्वेच्या भरतीत तीनदा. गिऱ्हाईक गेलं की काउंटरवरची राख फडक्यानं पुसायची, बसली की पुन्हा पुसायची. वीज केंद्राच्या चिमण्या थांबत नसत, म्हणून हे कामही थांबत नसे.

२००५च्या उन्हाळ्यात विनोद एक इंग्रजी नियमपुस्तिका झेरॉक्सला घेऊन आला. तो वसाहतीतल्या एका इंजिनिअरचा मुलगा. पुण्याहून शिकून परतला होता आणि नोकरीची वाट पाहत होता. पुस्तिका एका पत्त्यांच्या खेळाची होती. पण हे नेहमीचे बावन्न पत्ते नव्हेत. ज्यानं त्यानं आपापले पत्ते विकत घ्यायचे, अदलाबदल करून जमवायचे, त्यातून चाळीसांची स्वतःची गड्डी बांधायची आणि समोरच्याच्या गड्डीशी लढायचं. पत्त्यांवर जनावरं, राक्षस, भाले घेतलेली माणसं. पानं मशीनखालून सरकवता सरकवता रईसनं ती सगळी वाचली. पुढच्या रविवारी तो वसाहतीच्या क्लबात, कॅरमच्या खोलीत, भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या पुढच्या रविवारी तो खेळायला बसला.

विनोदच्या गड्डीला सगळे चोरगड्डी म्हणत. तिच्यात मोठं जनावर एकही नव्हतं. फक्त हुकूम होते: समोरच्यानं हातातला एक पत्ता टाकून द्यावा. मग आणखी एक. चौथ्या फेरीपर्यंत तुमचा हात रिकामा. मग विनोदची दोन किरकोळ उंदरं सावकाश तुम्हाला कुरतडत. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. रईसला हे हरणं ओळखीचं वाटायचं. काही करण्याआधीच हातातलं जायचं.

बिघडलेल्या झेरॉक्सच्या कोऱ्या बाजूवर त्यानं विनोदचे चाळीस पत्ते लिहून काढले. कोणता कितव्या फेरीत येतो, कशानंतर काय येतं. पाच आठवड्यांत ती गड्डी त्याला स्वतःच्या गड्डीपेक्षा जास्त पाठ झाली. उत्तर मात्र त्याला मोठ्या जनावरांत सापडलं नाही. ते एका टाकाऊ पत्त्यात सापडलं. चिखलानं माखलेला, मान खाली घातलेला बैल. स्वतःहून खेळायला इतका महाग की कोणी हात लावत नसे. पण खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, ती त्यानं डिक्शनरी घेऊन दोनदा वाचली. शत्रूच्या हुकमानं हातातून टाकला गेला, तर हा बैल थेट मैदानात उभा राहतो. फुकट.

असे चार बैल क्लबातल्या निरनिराळ्या पोरांकडे पडून होते. ते मिळवायला रईसनं आपला सोनेरी किनारीचा गरुड देऊन टाकला.

"येडा झाला का बे?" विनोद म्हणाला. "गरुड देऊन बैल? शेती करतं का आता?"

"करून राह्यलो तयारी," रईस म्हणाला.

"कोणाले मारशील त्यानं? चालतच नाई ते बैल."

"चालते. कोणी ढकललं का चालते."

विनोद हसला. त्याला कळलं नव्हतं. रईसनं बाकीची गड्डीही तशीच बांधली, फेकलं की उठणाऱ्या पत्त्यांची. दुसऱ्या कोणाहीसमोर ती गड्डी हरलीच असती. ती एकाच माणसासाठी होती.

आणि तेवढ्यात त्या माणसाला पुण्यात नोकरी लागली. सोमवारी त्याची गाडी. त्याच्या आदल्या रविवारी क्लबात मोठी स्पर्धा ठरली. जिंकणारा नागपूरला खेळणार, म्हणून पंच नागपूरहून येणार होते. चिठ्ठ्या निघाल्या. पहिलाच डाव रईस आणि विनोद. रईसला नागपूरचं काही नव्हतं. विनोद जाण्याआधी त्याला एकदा हरवायचं होतं. एकदाच.

शनिवारी दुपारी तो चंद्रपूरला टोनर आणायला गेला. परतला तेव्हा दुकानात गरम प्लास्टिकचा वास होता आणि जलालुद्दीन, त्याचे अब्बा, कात्रीनं काहीतरी गोलाई देऊन कापत होते. काउंटरवर त्याचे चाळीसच्या चाळीस पत्ते चळत करून ठेवलेले. चकचकीत. कडक.

"रोज राख पुसत बसते ना त्याची," अब्बा म्हणाले. "आता पाण्यात टाक, काई होत नाई. शंभर साल."

जलालुद्दीननी अर्ध्या तालुक्याची मोलाची कागदं त्या मशीनमधून काढली होती. मार्कशीटी, सातबारे, मेलेल्या नवऱ्यांचे फोटो. जंगलातल्या गावांहून माणसं छातीशी धरून कागद आणत आणि तो कडक होऊन हाती आला की निश्चिंत होत. पोराचा असा एकही कागद त्यांच्याकडे आजवर आला नव्हता. पत्त्यांना ते उन्हाळ्यापासून नावं ठेवत आले होते. आज त्यांनी एकेका पत्त्याचे चारही कोपरे घासले होते.

रईसनं चळत उचलली. ती हातातून सुळकन घसरली.

"कसे झाले?"

"मस्त झाले, अब्बा."

असे पत्ते चालतात का, हे रात्री त्यानं पुस्तिकेत पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एकदा चिकटलेलं प्लास्टिक निघत नाही, कागद घेऊनच निघतं. हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक?

रविवारी पंच म्हणून आलेल्या स्वाती मॅडमनी वरचा पत्ता उचलला, वाकवून पाहिला, खाली ठेवला.

"हे नाही चालणार."

"सगळेच सारखे हाय, मॅडम. पाठीवरून एकही ओळखू येत नाई."

"ते खरंय. पण पत्त्याला काही चिकटवलं की नियमात तो पत्ताच राहत नाही. आणि हे पिसणार कसे?"

रईसनं पिसायला घेतले. पत्ते हातातून सुटले आणि फरशीवर पार कॅरमच्या टेबलाखाली गेले. कोणीतरी मागून ओरडलं, "अरे, इलेक्शन कार्ड वाटून राह्यला का रेशन कार्ड?"

"रेशन कार्डच म्हण," दुसरा म्हणाला, आणि खोली हसली.

विनोद हसला नाही. तो वाकून पत्ते गोळा करू लागला. चिखलातले बैल एकापाठोपाठ एक हाती आले तसा तो थांबला. चौथा बैल त्यानं बराच वेळ धरून ठेवला.

"मायासाठी बांधली होती?"

रईसनं त्याच्या हातातून बैल घेऊन चळतीत घातला.

"साल्या," विनोद हळूच म्हणाला. "माया दुसऱ्या गड्डीनं खेळ ना. घे. बॅगेतच हाय."

"तुयाच पत्त्यानं तुले काऊन मारू?"

"मग संध्याकाळी..." विनोदनं घड्याळ पाहिलं. त्याचे पुढचे डाव बाकी होते. संध्याकाळी घरी पाहुणे, पहाटे गाडी. त्यानं वाक्य पुरं केलं नाही. स्वाती मॅडमनी रईसच्या नावापुढे रेघ मारली आणि पुढची जोडी बोलावली.

रईस गेटपर्यंत चालत आला. पत्ते त्यानं दोन खिशांत वाटून ठेवले होते आणि प्रत्येक पावलाला ते आपसात खटखटत होते. वीज केंद्राची बस त्याला ओलांडून गेली. रस्त्याकडेच्या पानांवर राख होती. विनोदची पहिली फेरी त्याच्या डोक्यात आपोआप सुरू झाली: हुकूम, पत्ता टाक, बैल उभा. दुसरी फेरी. तिसरीत विनोद काय करेल, ते त्याला सांगता येईना. आजवरच्या अकरा डावांत विनोदसमोर कधी कोणी उभंच राहिलं नव्हतं. तेव्हा तो काय करतो, हे त्या झेरॉक्सच्या कागदावर कुठंच नव्हतं.

दुकानात अब्बा एकटेच होते. त्यांनी चष्मा कपाळावर सारला.

"चालले का पत्ते?"

"चालले."

"काई बोलले का लोकं?"

"विचारून राह्यले होते, कोणी करून देल्लं म्हणून."

जलालुद्दीन खूश झाले. मग पोराचा चेहरा बघून जरा सावरून बसले.

"मग? जितला?"

रईसनं फडकं उचललं.

"नाई," तो म्हणाला. "हरलो."

"कोणाकडून, त्याच्याकडूनच?"

"हो. त्याच्याकडूनच."

"होते बेटा," अब्बा म्हणाले. "पत्ते तर आता पक्के झाले ना. पुढल्या इतवारी पाह्य त्याले."

रईसनं हो म्हटलं आणि काउंटर पुसायला घेतला.